नावेतल्या म्हातारीची वाक्यं

७ जानेवारी, मंगळवार

"म्हशे, या घरात दुपारचं झोपायची रीत न्हाई बरं का."

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई हे गोठ्यात म्हशीला म्हणाल्या होत्या. मी आतल्या खोलीत आडवी झाले होते, दार अर्धं उघडं. म्हैस उभीच होती. मी उठले.

आईंची — सासूबाईंना मी आईच म्हणते — ती पद्धतच. सुनेला तोंडावर काही सांगायचं नाही. म्हशीला सांगायचं, शेळीला सांगायचं, कुणीच नसलं तर चुलीला. त्यांच्या सासूने त्यांना असंच वागवलं. मलाही मग ऐकता यायला लागलं, आणि पुढे बोलताही. कणीक मळता मळता कणकेला उत्तर द्यायचे. आईंना बरोबर पोचायचं.

आज हे आठवलं, कारण सांगवीच्या या फ्लॅटमध्ये म्हैस नाही आणि आई बोलतच नाहीत.

दिवाळीनंतर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा, मग डावा. दिवसातून इतक्या वेळा थेंब घालायचे. गावी दीर आणि जाऊ, रविराज आणि मोनिका, दोघंही चाकणला कंपनीत, दोघांच्या शिफ्ट उलट्यासुलट्या. मी घरी असते. म्हणून आई माझ्याकडे आल्या. हे, दादासाहेब, जाऊन सहा वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. मला वाटलं होतं, आता घरात आवाज होईल. थेंब घालायला गेले की त्या मान वर करतात, डोळा उघडा धरतात, "बरं" म्हणतात. झालं. दिवसभराचं बोलणं तेवढंच.

दुपारी प्रीतमचा मेसेज. तो चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी बघतो. त्यांच्या यंत्रांवरच्या पाट्या मी मराठीत करून देते. 'यंत्र चालू असताना हात आत घालू नये.' पोटापाण्याचं लिखाण ते हेच. कथा लिहायचे ते बंदच झालंय. प्रीतम म्हणतो, मॅडम, यंत्रांचं मराठी पुरे झालं, आमच्या गेमच्या ऑनलाइन रूमवर या.

मी? गेम?


८ जानेवारी, बुधवार

गेले. आत शिरल्या शिरल्या एक आपोआप येणारा मेसेज — 'नावेत स्वागत! तुमचा आवडता प्रवासी कोण?' मी लिहिलं, अजून भेट झालेली नाही. त्यावर बारा जणांनी हसरे चेहरे टाकले. पुन्हा बघायचं धैर्य झालं नाही.


९ जानेवारी, गुरुवार

प्रकार असा आहे. 'लिटल फेरी' नावाचा छोटासा गेम. परदेशातल्या दोघांनीच बनवलाय. तुम्ही नावाडी. सकाळी नाव सोडायची, या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची. मारामारी नाही, शर्यत नाही. माणसं नावेत बसून बोलतात, एवढंच. इथल्या वेड्यांनी बनवणाऱ्यांची परवानगी काढलीय आणि सगळा गेम मराठीत आणायचं घेतलंय. हौसेने. कुणी वाकडला आयटीत, कुणी चाकणला लाइनवर, कुणी दुकानात.

कामाची त्यांची शिस्त बघून मी चाट पडले. एकाने वाक्य करायचं, दोघांनी तपासायचं, मग गुरुवारी संध्याकाळी रूममध्ये सगळे कॉलवर जमतात आणि वाक्यं मोठ्याने वाचतात. गुरुवार अशासाठी, की निम्म्यांची कंपनीची सुट्टी गुरुवारी. बाकीचे कॅबमधून, बसमधून ऐकतात. वाचल्यावर जिथे हसायला हवं तिथे लोक हसले पाहिजेत, नको तिथे कुणी हसता कामा नये. तेव्हा कुठे वाक्य 'बोटीत' जातं, म्हणजे पक्कं होतं. शिवाय प्रत्येक वाक्य पडद्यावरच्या एका चौकटीत मावायला हवं. मराठी सारखं बाहेर सांडतं.

हे सगळं चालवते ती साबिया. पिंपरी कॅम्पात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, हीच बसते. तिला सगळे कप्तान म्हणतात आणि टरकून असतात. बाकी सगळे एकमेकांना राव, भावा. मी काही बोलले नाही. कान लावून बसले होते. बऱ्याच दिवसांनी इतकी माणसं एकदम ऐकली.


१२ जानेवारी, रविवार

खेळले. नाव तीनदा खडकावर घातली.

आवडता प्रवासी सापडला. एक म्हातारी. रोज सकाळी शेळी घेऊन चढते आणि उतरेपर्यंत नावाड्याला झाडत असते. नावाडी मुका — म्हणजे मुका असा नाही, पण खेळणाऱ्याला बोलायची सोयच ठेवलेली नाही. वल्हवायचं आणि ऐकायचं.

साबियाला कळवलं, म्हातारीची वाक्यं मी करते. ती म्हणाली, घ्या ताई, तिला कुणीच हात लावत नाही, तीन जणांनी सोडली.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईंनी तिळगूळ हातावर ठेवला, "गोड बोल" म्हणाल्या. मग दिवसभर दोघीही गप्प.


१६ जानेवारी, गुरुवार

आज माझी वाक्यं वाचली गेली. पहिलंच — 'सुप्रभात, मुला. आजही तुला उशीर झालेला दिसतो.' कुणी हसलं नाही. दुसरं, तिसरं. हसू नाही. मग शाहरुख नावाचा एक मुलगा, चाकणला गाडीच्या सीट बसवतो, अगदी आदराने म्हणाला, "ताई, राग नका मानू. ही आजी रिटायर व्हायच्या आधी बँकेत मॅनेजर होती का?"

आता मात्र सगळे हसले. साबियाने गप्प केलं. मला म्हणाली, वाक्यं चुकीची नाहीत ताई, फक्त ती शेळी घेऊन फिरणाऱ्या बाईची नाहीत.

लागलं. लागायला नको होतं. रात्री जेवण गेलं नाही.


१७ जानेवारी, शुक्रवार

आज काहीतरी झालं! नीट लिहिते.

दुपारी आई मेथी निवडत होत्या. मी समोर लॅपटॉप घेऊन म्हातारीची वाक्यं पुटपुटत होते. 'आजही तुला उशीर झालेला दिसतो.' 'तुला उशीर झाला ना?' 'काय रे, उशीर?' असं बराच वेळ. आईंनी मान वर न करता विचारलं, कोण कुणाला म्हनतंय हे? मी सांगितलं — एक म्हातारी आहे, नावाड्याला म्हणते, तो उशिरा आलाय.

आई एक काडी मोडत म्हणाल्या, "आलास व्हय? मला वाटलं, नदीच आटली."

मी हसले. त्या नाही हसल्या. मी घाईने लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. म्हातारी म्हणते, आज तू नाव बरी चालवतोस.

"आज हात हायेत व्हय तुला? काल कुनाला उसने दिलते?"

म्हातारी म्हणते, माझ्या शेळीला जप.

"शेळीला धक्का लागला, तर तुलाच चरायला सोडीन."

म्हातारी म्हणते, मला पाण्याची भीती वाटत नाही.

"पान्याला कोन भितंय. तुझ्या नावंला भिते मी."

मेथीची जुडी संपली तरी त्या बोलतच होत्या. नावाड्याला बायको हाय का, त्याला कुनी जेवायला घालतं का, सगळं विचारून घेतलं. मला कुठे माहीत? मी म्हटलं, नसावी. तर म्हणाल्या, तरीच.


१९ जानेवारी, रविवार

आता रोज दुपारी. जेवण झालं की आई स्वतःच विचारतात, "तो मेला आला का?" मेला म्हणजे नावाडी. मी वाक्य सांगते — आपलं साधं, कोरडं — आणि त्या त्याचं करून देतात. कधी तीन-तीन तऱ्हा. मग म्हणतात, यातलं तुला बरं वाटंल ते घे.

ऐकताना मला गोठा दिसतो. तीच ऐट, तोच कडूपणा. फरक इतकाच, की आता माझ्या वाट्याला काही येत नाही. सगळं त्या बिचाऱ्या नावाड्याला.


२३ जानेवारी, गुरुवार

'मला वाटलं, नदीच आटली' — पलीकडून असा हशा आला की फोन हातातून पडला. शाहरुखने वाचलं. तो कंपनीच्या बसथांब्यावर उभा होता, आजूबाजूचे लोक बघतायत म्हणाला. प्रत्येक वाक्याला हसू. साबियासुद्धा! मग म्हणाली, आठ दिवसांत हे कसं केलंत?

मी सांगून टाकलं, माझं नाही, सासूबाईंचं आहे.

मग त्यांचा नियम निघाला. ज्याचं वाक्य त्याचं नाव गेम संपल्यावर येणाऱ्या नावांच्या पाटीवर आलंच पाहिजे. आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव नगं बाई, लोक म्हनतील म्हातारपनी नाचाय लागली.


३० जानेवारी, गुरुवार

आज वाचनाच्या वेळी आई माझ्या शेजारी बसल्या. "बघू तरी, काय बडबडतात."

शाहरुख वाचत होता. माझा माईक चुकून चालू राहिला होता. आई मोठ्याने म्हणाल्या, "ह्यो कोन? ह्याला बोलता येतं."

 मग शाहरुख म्हणाला, "आजी, मी चाकणचा. मीरासाहेब पंक्चरवाले माझे आजोबा."

"मीरासाहेबाचा नातू व्हय तू! त्ये माज्या मालकाची सायकल दुरुस्त करताना निम्मा दिस बोलायचं, आन् पंक्चर तसंच ठेवायचं."

"आमच्यात सगळे असेच आहेत आजी. मी पण सीटा बसवताना बोलतच असतो."

"मग सीटा निघून येत्याल की रं."

साबिया म्हणाली, वाचन चालू आहे, इतर गप्पा नंतर. पण ती पण हसत होती. नंतर आई शाहरुखशी बोलत बसल्या. त्याच्या घरी कोण कोण आहे, बाजारतळाजवळचं ते लिंबाचं झाड आहे का तोडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच ओटा पुसत राहिले. बाहेरून आईंचा आवाज येत होता. एवढंच. पण छान वाटत होतं.


४ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही डोळे छान झाले म्हणाले. थेंब बंद. चुलीपुढे बसलात तरी हरकत नाही, असंसुद्धा.

येताना रिक्षात आई दुकानांच्या पाट्यांवरचे रंग सांगत होत्या. लाल, पिवळा. मी हो हो म्हणत होते.

आई आल्या होत्या थेंबांसाठी. ते संपले. परत कधी जायचं हे त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. मी विचारलं तर वाटायचं, घालवायला निघाले. राहा म्हटलं तर वाटायचं, अडवतेय. त्यांचं घर आहे तिकडे, शेळी आहे. म्हणून गप्प बसणं बरं. थेंबांची रिकामी बाटली अजून फडताळातच ठेवलीय.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

अजूनही कुणी विषय काढलेला नाही. आज आईंनी कोथिंबिरीच्या वड्या केल्या.


१० फेब्रुवारी, सोमवार

म्हातारीचं शेवटचं वाक्य उरलं होतं. गेमच्या शेवटी ती पलीकडच्या काठाला उतरते आणि नावाड्याचा निरोप घेते. पुन्हा येत नाही. सगळ्या गेममध्ये ती तेवढं एकदाच नीट बोलते, झाडत नाही.

नेहमीसारखं दुपारी आईंना वाचून दाखवलं: 'उद्यापासून मी येणार नाही. आधीच जायला हवं होतं. तुला फार त्रास दिला.' आणि विचारलं, हे तुम्ही कसं म्हणाल?

आईंचा हात भाजीत थांबला. "असं लिवलंय व्हय त्यात?"

हो म्हटलं.

 मग म्हणाल्या, न्हाई सुचत. भाजी अर्धी टाकून उठल्या, हात धुतले, आत जाऊन पडल्या. दुपारच्या! मला वाटलं, दमल्या असतील. थोड्या वेळाने आतून फोनवर बोलण्याचा आवाज आला.


११ फेब्रुवारी, मंगळवार

आई गेल्या.

सकाळी उठले तर पिशवी भरलेली. संध्याकाळी रविराज भाऊजी गाडी घेऊन आले. म्हणाले, "आईचा फोन आला होता वहिनी. डोळे झाले, न्यायला ये म्हणाली." मी म्हटलं, हो, झालेच की आता. डबा भरून दिला. आईंनी देवाला नमस्कार केला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "नीट जेवत जा" म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना घराची ओढ लागली असेल. मी जिन्यापर्यंत गेले. राहा, असं काही म्हटलं नाही.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनाला गेले नाही. साबियाचा मेसेज: 'ताई, शेवटचं वाक्य?' नंतर शाहरुखचा: 'आजी कशा आहेत?' दोघांनाही उत्तर दिलं नाही. 

दुपारी 'प्रेसखाली हात घालू नये' अशा अकरा पाट्या केल्या.


१५ फेब्रुवारी, शनिवार

भाऊजींचा फोन. नेहमीसारखं हवापाणी झालं, मग अडखळत म्हणाले, वहिनी, एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. आई तुमच्याकडून आल्यापासून जेवत नाही नीट. मोनिकाने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, अनितानं नावेतल्या म्हातारीच्या तोंडून सांगितलं, डोळे झाले, आता जा.

मला आधी कळेचना. मग कळलं.

म्हैस. कणीक. आमच्या घरात गेली कितीतरी वर्षं कुणी कुणाला सरळ काही सांगितलेलंच नाही. 'आधीच जायला हवं होतं. तुला फार त्रास दिला.' थेंब बंद झाल्यावर सहाव्या दिवशी, सुनेच्या तोंडून, नावेतल्या म्हातारीचं नाव घालून. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच ऐकू आलं असतं. आणि मीही पिशवी भरली असती.

भाऊजींना म्हटलं, उद्या येते.


१६ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आले. चाकण चौकात बस इतकी अडकली की शेवटी उतरून चालत सुटले.

रविवार, पण भाऊजी आणि मोनिका दोघंही कामावर. आई एकट्याच अंगणात ज्वारी पाखडत होत्या. शेळी दाराशी. घरामागे आता कंपनीची भिंत आलीय, तिची सावली अर्ध्या अंगणात. आमची जुनी खोली उघडी होती, आत पोती आणि मोनिकाचं शिलाई मशीन.

उभ्याउभ्याच म्हटलं, "आई, ते वाक्य मी तुम्हाला नव्हतं म्हटलं."

तोंडावर. सरळ. 

त्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "मग कुनाला म्हनलीस?"

कुणालाच नाही म्हटलं, गेममधलं होतं. फोनवर तो शेवट लावून दाखवला. आईंनी सवयीने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लक्षात आलं तसा लांब धरला.

"ही व्हय ती? ही तर गोरी बाई हाय. आन् डोक्यावर टोपलं काय घातलंय?"

टोपी आहे म्हटलं. त्या बघत राहिल्या. म्हातारी उतरली. शेळी उतरली. दोघी वळून पायवाटेने लांब गेल्या. नावाडी उभा.

"आन् ह्यो काय म्हनतो?"

"काही नाही. त्याला बोलायला दिलेलं नाही."

"थांब म्हनत न्हाई?"

"नाही."

आईंनी फोन माझ्या हातात परत दिला. "मग तिनं तरी का थांबावं," म्हणाल्या, आणि ज्वारी पाखडायला घेतली.

मी तिथेच ओट्यावर बसले. थोड्या वेळाने त्या आपणहून बोलल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, शेळीकडेही नाही. समोर भिंतीकडे. "लिवून घे. 'उद्यापास्नं माजी वाट नगं बघू. शेळीला तुजी सवय लागलीय, तिला सांगीन मी काय तरी.'"

लिहून घेतलं. अक्षर मलाच लागेना इतकं वाईट आलं.

मग चहा. चहा पिताना मी म्हटलं, चला परत, मी न्यायलाच आलेय. आई म्हणाल्या, "डोळे झाले की गं. आता कशाला? तिथं मला दिस कुठनं उगवतो त्ये बी कळत न्हाई. तुजं काय चुकलं न्हाई." राग नव्हता त्यात. खरंच नव्हता, मी नीट ऐकलं. सरळच सांगितलं होतं त्यांनी.

निघताना कोथिंबीर दिली, पदराआडून लसणाची एक जुडी. जेवल्या आहेत ना, विचारलं. हो म्हणाल्या.


२० फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचं वाक्य चौकटीत मावत नाही. साबिया म्हणाली, ताई, पहिला भाग ठेवू, अर्थ त्यातच आहे, शेळीचा काढू.

मी पहिल्यांदाच तिच्याशी वाद घातला. म्हटलं, पहिला काढ. शेळीचा ठेव.

  कप्तान म्हणाली, वाचून बघू. शाहरुखने वाचलं. फक्त तेवढंच:

"शेळीला तुजी सवय लागलीय. तिला सांगीन मी काय तरी."

कुणी हसलं नाही. हसायचं नव्हतंच. बराच वेळ कुणाचा तरी पंखा आणि कुणाच्या तरी बसचा हॉर्न, एवढंच ऐकू येत होतं. शाहरुख म्हणाला, "कप्तान, घ्या बोटीत."

घेतलं. मग साबियाने मला सांगितलं, ताई, आजींना सांगा, आता नाव टाकू द्या. फोन करून सांगितलं. आई म्हणाल्या, टाक. पण नुसतं सरुबाई टाक, गावाचं नाव नगं.


२२ फेब्रुवारी, शनिवार

माझं म्हातारीचं काम संपलं. साबियाने विचारलं, पुढे कोण घेता? अजून सांगितलेलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर सवयीने समोर बघितलं. मेथीची जुडी तशीच होती. मीच निवडली.


२३ फेब्रुवारी, रविवार

पाट्या कुठेही बसून लिहिता येतात. कंपन्या तर तिकडेच आहेत. भाऊजी अवघडतील. मोनिका तोंडभर हो म्हणेल आणि मशीन कुठे ठेवू या विचाराने दोन दिवस गप्प होईल. आई नाहीच म्हणतील — दादासाहेबानं फ्लॅट तुज्यासाठी घेतला, भावकी काय म्हनंल, एकटी बाई घर सोडून कशाला येती. सगळं आत्ताच ऐकू येतंय. तरी फोन लावते. आधी इथे लिहून ठेवते, नाहीतर ऐन वेळी तोंडातून हवापाणीच निघेल.

आई, तुम्ही इकडे येऊ नका. मी तिकडे राहायला येऊ का? आमच्या खोलीत. कायमची.